आडी महिन्यातली गाडी

आवडी, चेन्नई
९ जुलै २००६

दिव्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता ड्रॉवरमध्ये टाकणार, हे मला माहीत आहे. तरी लिहितो. ईमेल तू एका बोटानं उडवतेस. फोन उचलत नव्हतीस, आणि आता माझ्याकडं फोनच नाही. तू तिसऱ्यांदा कट केलास तेव्हा तो गराजच्या शटरवर आपटला. म्हणजे मी आपटला. पाकीट फेकायला निदान जागेवरून उठावं लागतं.

बातमी अशी की अप्पा गाडी विकतायत.

रविवारच्या फोनवर त्यांनी तुला सांगितलं असेल. पण तुझे वडील त्यांच्या तंजावरी मराठीत कसं सांगतात तेही मला ठाऊक आहे. "तें विकूं म्हणतों," एवढंच, आणि लगेच तुझ्या मेसच्या सांबाराची चौकशी. म्हणून नीट सांगतो. डॉक्टरनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आहे. काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेनं येणारं दिसत नाही. दोन दिवसांनी अप्पा कॉफी घेता घेता म्हणाले, "चालवायला येत नाहीं तें बांधून ठेवणें बरें नव्हे. घोडा असो कीं डॅटसन."

जाहिरातीचा मजकूर मी लिहिला होता, चांगला लांबलचक. दोन सीटची जपानी स्पोर्ट्‌स कार, बहात्तरचं मॉडेल, मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन, मूळचा नारिंगी रंग, वकिलातीतला जपानी साहेब परत जाताना त्याच्याकडून घेतलेली, शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत धावलेली. अप्पांनी पेन घेऊन जवळजवळ सगळं खोडलं. मॉडेल आणि साल ठेवलं, 'पूर्ण दुरुस्त' ठेवलं, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: 'चालवणाऱ्यालाच देणें.' इंग्रजीत ते आणखी विचित्र दिसतं.

'पूर्ण दुरुस्त' या दोन शब्दांत आपली दोन वर्षं गेली. तुझी आई गेल्यापासून ताडपत्रीखाली पडलेली ती गाडी आपण तिघांनी उघडली तेव्हा बॉनेटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. मला त्यातलं एकच सारखं आठवतं. दोन्ही कार्बोरेटर सारखा श्वास घेतायत का ते बघायला रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाला लावायचं. मी स्क्रू फिरवायचो. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि म्हणायचीस, "मागचा अजून जास्त ओढतो. थोडकें कमी कर." सहा वर्षं व्हायोलिन शिकलेला कान. मला दोन्ही फुसफुस सारखीच वाटायची.

काल पहिलं गिऱ्हाईक आलं. अण्णानगरचा एक मुलगा, गळ्यात साखळी, बरोबर दोन मित्र. आधी विचारलं, मागं मोठे स्पीकर बसतील का. मग म्हणाला, रंग काळा करून घेईन. मग गाडी सुरू केली, आवाज ऐकला, तोंड वाकडं केलं आणि गेला. मी काही केलं नाही.

शार्दूल


१६ जुलै

दिव्या,

गाडी विकली गेली. आणि गाडी इथंच आहे. दोन्ही खरं आहे, सांगतो.

शुक्रवारी कोइंबतूरहून एक बाई आल्या. कमलिनी मॅडम. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप आहे, तरुणपणी रॅलीत धावायच्या. त्यांनी बॉनेट उघडायलाच सांगितलं नाही. पदर खोचला, उताण्या झाल्या आणि गाडीखाली शिरल्या. बराच वेळ नुसते बूट दिसत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "वेल्डिंग कुणाचं?"

"माझं."

"कुठल्या कॉलेजात शिकलास?"

"सोडलं. तिसऱ्या वर्षात."

"वेल्डिंगसाठी?"

अप्पा हसले. मला राग आला, पण त्या आधीच ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. अप्पा शेजारी बसले. दोघं अंबत्तूरपर्यंत जाऊन आली. परत आल्यावर त्यांच्यात भावावरून एक शब्द नाही. अप्पांनी आकडा सांगितला, त्यांनी पर्समधून चेकबुक काढलं. मी म्हटलं, आत्ताच नेताय का. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवळात चप्पल घालून शिरलो.

"सोमवारी आडी लागतो," अप्पा म्हणाले. "कागद, ड्रायव्हर, अस्की, सगळें व्हायला वेळ लागतो. आडींत कोणी वाहन घरीं नेतो का, पा?"

मला कसं ठाऊक असणार. इथं आडी म्हणजे लग्न नाही, गृहप्रवेश नाही, गाडी तर नाहीच. मी म्हटलं, आमच्याकडं पितृपक्षात नेत नाहीत. अप्पा म्हणाले, "तुमचे पितर पंधरा दिवसांत जेवून जातात. आमची देवी महिनाभर बसते." मॅडमनी आगाऊ पैसे दिले, आडी संपला की आवणीच्या पहिल्या दिवशी न्यायला येईन म्हणाल्या, आणि जाताना मला बजावलं, "तोवर रोज सुरू करायची. पण रस्त्यावर काढायची नाही. ती आता माझी आहे."

म्हणून एक महिना आहे, दिव्या. गाडी कुणाचीच नसल्यासारखी इथं उभी राहील.

तू ये. एवढंच मागायला हे पत्र आहे. तू ती पूर्ण झालेली बघितलीच नाहीस. तू नोकरीसाठी पुण्याला गेलीस तेव्हा दारं बसायची होती, आतला कपडा लावायचा होता. एकदा येऊन नळी कानाला लाव आणि सांग, सारखं झालंय का. माझ्याशी बोलू नकोस पाहिजे तर. मी स्क्रू ड्रायव्हर धरून उभा राहीन.

गंमत बघ. तू माझ्या मुलखात, मी तुझ्या. तुला तिथं पोरी म्हणत असतील, साउथची असून मराठी किती छान बोलतेस. मला इथं नारळवाला म्हणतो, तमिळ बरं येतं हो तुला, तू तंजावरचा का? मी होय म्हणतो. इचलकरंजीचं कुणाला काय समजावून सांगायचं.

शार्दूल


३० जुलै

दिव्या,

आज रविवार. तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात डिकाक्शनचं भांडं घेऊन उभा होतो. मला अप्पांचंच ऐकू येतं. "होय." "होय." "सरी." "नक्को, त्याला कशाला." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बरं म्हटल्यासारखं "सरी."

मी कॉफी नेऊन दिली आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"कांहीं नाहीं. पाऊस आहे म्हणाली."

"माझी पत्रं मिळाली का?"

"विचारलें नाहीं, पा."

पुण्यात पाऊस आहे. हे कळायला मी आठवडाभर थांबलो होतो.

नंतर गराजमध्ये गाडी सुरू करून ठेवली तेव्हा अप्पा येऊन स्टुलावर बसले. डोळे मिटून ऐकत होते, तू ऐकायचीस तसंच. म्हणाले, "आज सहा गातात."

मी फडकं उचलून बॉनेट पुसायला लागलो.

"तो अण्णानगरचा पोरगा आला त्या दिवशीं पांचच गात होते. एकाचें तोंड कोणीं बांधलें होतें?"

तर, केलं होतं मी काहीतरी. तो मुलगा यायच्या आधी एका प्लगची वायर ढिली करून ठेवली होती. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. मला वाटलं होतं अप्पा ओरडतील. ते म्हणाले, "काळा रंग लावणार होता तो. बरें केलेंस. पण मला सांगून करायचें." आणि उठून आंघोळीला गेले. या घरात भांडण करणं किती अवघड आहे. तू यांच्यात वाढलीस आणि मग माझ्याशी गाठ पडली. मी कॉलेजात प्रोफेसरच्या अंगावर जर्नल भिरकावलं ते का, हे तुला अजूनही कळलं नसेल. ते सगळ्या वर्गासमोर या गाडीला भंगार म्हणाले होते. एवढंच कारण. तू माझ्यासाठी माफीचा अर्ज लिहून आणलास, तुझ्या सुंदर अक्षरात, नुसती सही करायची होती. मी तो कँटीनमध्ये तुझ्या मैत्रिणींसमोर फाडला. तू म्हणालीस, "फाडायलाही तुला माणसें लागतात," आणि ताट न उचलता निघून गेलीस.

मी कुठं जात नाही. सकाळी अंबत्तूरच्या वर्कशॉपमध्ये पोटापुरतं काम करायचो, तेही या महिन्यात सोडून दिलं. तू आलीस आणि मी नसलो असं व्हायला नको. गराजच्या मागच्या खोलीतून लोकलच्या घोषणा ऐकू येतात. प्रत्येक गाडीतून उतरून इथपर्यंत चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी दाराकडं बघतो, मग पुन्हा पॉलिशचं फडकं घेतो. गाडी आता इतकी चमकते की तिच्यात माझं तोंड दिसतं. ते बघवत नाही.

शार्दूल


कोवलम
३ ऑगस्ट, दुपार

दिव्यश्री,

मी गाडी काढली. विकलेली, दुसऱ्याची, आडी महिन्यात, न विचारता. अप्पा देवळात गेले होते. आज पदिनेट्टाम पेरुक्कु, आडीची अठरावी. तुझी आई या दिवशी पाच तऱ्हेचे भात करून सगळ्यांना समुद्रावर न्यायची, असं तूच सांगितलं होतंस. सकाळी अप्पांनी एकट्यानं लिंबाचा भात केला. इतका केला की मी विचारलं, कोण येणार आहे का. म्हणाले, "सवय." तेव्हा माझं डोकं फिरलं. या घरातला म्हातारा बायकोच्या सवयीनं भात करतो आणि मुलीला एक दिवस येता येत नाही.

ईस्ट कोस्ट रोडवर मी ती खरी चालवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. टोलनाक्यावरच्या माणसानं पावती द्यायचं विसरून नुसतं बघितलं. चेन्नईजवळच्या या कोवलमला वाळूच्या कडेला थांबलो तेव्हा होड्या वर ओढून झाल्या होत्या. मासळी विकणारी एक बाई टोपली घेऊन आली, बॉनेटवरून हात फिरवला, तिच्या हातावरचे खवले रंगाला चिकटले. म्हणाली, "केवढ्याला?"

"विकली गेली."

"मग दुसऱ्याची वस्तू घेऊन समुद्रावर काय करतोस?"

तिला उत्तर दिलं नाही. तुला देतो. तुझी वाट बघत होतो. आता नाही बघणार.

तुला दुसऱ्यातला दोष ऐकू येतो, बस. नळी कानाला लावायची आणि मागचा जास्त ओढतो म्हणायचं. स्क्रू फिरवायला तुझा हात कधी काळा झाला नाही. अर्ज लिहून दिलास तोही स्वच्छ कागदावर. मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, तुझ्या बापाच्या गाडीसाठी आयुष्याची दोन वर्षं घातली, आणि तू काय केलंस, तर पुण्यात एसीमध्ये जाऊन बसलीस. तीन पत्रं लिहिली. एकाला दोन ओळी लिहायला तुला किती वेळ लागला असता? इथली कोळीण सुद्धा अनोळखी माणसाशी बोलते.

मी हे पत्र इथल्याच पेटीत टाकणार आहे, कारण आवडीपर्यंत नेलं तर मी ते फाडीन. मला ते फाडायचं नाही. यापुढं पत्र नाही.

शार्दूल घोरपडे


आवडी
४ ऑगस्ट

दिव्या,

कोवलमचा शिक्का असलेलं पत्र आलं तर फोडू नकोस. असं लिहिलं की तू आधी तेच फोडशील, हेही कळतं. पण दुसरं काय लिहू.

काल संध्याकाळी मी गाडी आत घातली तेव्हा अप्पा स्टुलावर बसले होते. समोर पालथ्या खोक्यावर केळीचं पान, त्यावर थोडा भात उरलेला. मी म्हटलं, रागावा काय ते. ते म्हणाले, "दिव्या आली होती."

मला आधी वाटलं, दृष्टीबरोबर आता डोकंही गेलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझं चेन्नईच्या ऑफिसात काम निघालं, रविवारीच तू त्यांना कळवलंस, आणि म्हणालीस, त्याला सांगूं नका. त्याला कळलें तर तो घर डोक्यावर घेईल, नवा शर्ट घालून दारांत उभा राहील. मला तो रोजचा पाहायचा आहे. त्यांनी सांगितलं नाही. महिनाभर मी गराज सोडलं नव्हतं, मग सांगायची गरजच काय, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

तू या खोक्यावर बसून जेवलीस. लॅपटॉपची बॅग मांडीवर. जिथं गाडी उभी असते तिथं तेव्हा नुसतं ऑइल टिपायचं पातेलं होतं. अप्पा म्हणतात, तू त्यांना विचारलंस, "राग कमी झाला का त्याचा?"

"मी झाला म्हणालों," अप्पा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

"मग?"

"मग ती म्हणाली, मग गाडी कोठें?"

अप्पांनी तुला आणखी भात वाढला. तू विमानाची वेळ होईपर्यंत बसलीस. मी त्या वेळी काय करत होतो ते तुला कळेलच, टपाल पोहोचलं की.

आज पहाटेच्या पहिल्या बसनं कोवलमला गेलो. पोस्ट उघडेपर्यंत पायरीवर बसलो. पोस्टमास्तर चांगला माणूस, मला पंख्याखाली बसवलं. पण पेटी कालच रिकामी झाली होती. म्हणाला, "तंबी, पेटीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. तुझं राहत नाही." मी टेबलावर हात आपटला. त्यानं पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला, जसा लहान मुलाजवळचा सरकवतात. मी माफ करा म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो आणि तेही कुणाला, तर ज्याचा काही संबंध नव्हता त्याला.

दिव्या, मी चुकलो. तुझ्याशीही, त्या अर्जाच्या वेळी सुद्धा. मला तुझी फार आठवण येते. ते कोवलमचं खरं नाही. मी तसा नाही.

शार्दूल


२० ऑगस्ट

दिव्या,

तेराच्या रविवारी तू फोनवर अप्पांना सांगितलेलं त्यांनी मला शब्द न् शब्द सांगितलं. "त्याचीं दोन पत्रें एकेच दिवशीं आलीं. कोणतें खरें, तें त्याला विचारा."

मी तिथल्या तिथं कागद घेतला आणि लिहिलं, दुसरं. दुसरं खरं, पहिलं रागात लिहिलेलं. पाकिटात घातलं, डिंक लावला. मग ते तसंच खिशात घेऊन फिरलो. त्यानंतर अशी आणखी पत्रं लिहिली. सगळी तुला आवडतील अशी होती. एकही टाकलं नाही.

गाडी गुरुवारी गेली. आवणीचा पहिला दिवस. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, अप्पांनी कापूर लावून कोहळा ओवाळला आणि रस्त्यात फोडला. मॅडम यायच्या आधी मी अप्पांना म्हटलं होतं, कोवलमचं मी स्वतः सांगतो. सांगितलं. म्हटलं, तुम्ही नको म्हणाला होता तरी मी तुमची गाडी समुद्रापर्यंत नेली. त्या म्हणाल्या, "कशी धावली?"

"चांगली."

"रागात होतास?"

"होय."

"मग चांगली धावणारच. गिअर कसे पडले ते सांग."

मला वाटलं होतं आवाज कोपऱ्याआड जाताना काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही. अप्पा आत गेले, पातेलं उचललं, घासून उन्हात पालथं घातलं. दुपारी त्यांनी गराजमध्ये वाळवणाला चटई टाकली. आता तिथं मिरच्या आहेत.

तुझं उत्तर.

दोन्ही खरी आहेत, दिव्या. कोवलमला बसून लिहिणारा मीच होतो, आणि मला कुणी पछाडलं नव्हतं. लिहिताना बरं वाटत होतं, हेही सांगतो. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसलेलाही मीच. दुसऱ्या पत्रात मी 'तसा नाही' म्हणालो, ते चूक. मी तसा आहे. तुझ्यासमोर अर्ज फाडला तेव्हाही तसाच होतो. उद्या पुन्हा काही आपटणार नाही असं लिहून द्यायला माझ्याजवळ आधार नाही.

एकच वाक्य मात्र साफ खोटं. कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं नाही. रागानं सोडलं. तू तेव्हा माझ्या आयुष्यात होतीस, म्हणून त्याला तुझं नाव देता आलं.

मॅडमनी कोइंबतूरला त्यांच्या वर्कशॉपमध्ये ये म्हणून सांगितलं आहे, वेल्डिंगला. आधी नाही म्हणालो होतो. ही खोली सोडली तर रविवारी तुझा फोन वाजतो त्या घरात मी असणार नाही, म्हणून. आज अप्पांना सांगितलं, जातो. ते म्हणाले, "सरी. जेवून जा." सेंट्रलवरून उद्या सकाळची गाडी आहे. आत्ता फोन वाजला तेव्हा मी बाहेरच्या ओट्यावर हे लिहीत होतो. उठलो नाही. अप्पांचा आवाज येतोय. काय बोलतायत ते इथून कळत नाही.

आधीच्या प्रत्येक पाकिटामागं मी माझा पत्ता लिहिला होता, तोही ठळक, दोनदा गिरवून. तू काहीतरी लिहून पाठवावंस म्हणून. या पाकिटावर लिहिलेला नाही. तू एक विचारलं होतंस. हे नुसतं त्याचं उत्तर आहे.

शार्दूल